पावसात बंद पडणारी जीप

बाहेर पाऊस असला आणि कुणी गाडीची किल्ली फिरवली की माझे कान अजून इंजिनाकडे लागतात. मागे भाचा नवी मोटार घेऊन मला फिरवायला आला होता. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले, तर तो म्हणतो, मावशी, घाबरतेस काय, नवीकोरी गाडी आहे. काय सांगणार कपाळ! त्यानं कोंडाजीमामांना पाहिलेलं नाही आणि त्यांची ती जीपही पाहिलेली नाही.

मी तेव्हा अकोले तालुक्यात सरकारी दवाखान्यात नर्स होते. राजूरच्याही पलीकडे, पार डोंगरात. सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. मी नगरची. आमच्याकडे पाऊस पाहुण्यासारखा यायचा आणि उभ्या उभ्या चहा घेऊन जायचा. इथं तो घरजावई होऊन राहिलेला. कपडे वाळायचे नाहीत, काडेपेटी पेटायची नाही, भिंतींना हात लावला तर हात ओला. दवाखान्याला डॉक्टर होते, पण ते बहुतेक रजेवर. उरले मी, एक जीप आणि जीपचे ड्रायव्हर कोंडाजीमामा. डोंगरातल्या कुठल्याही वाडीत बाई अडली की तिला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणायचं, आणि तिथून जीपनं संगमनेरच्या मोठ्या दवाखान्यात. दुसरी सोय नव्हती. एसटी होती, पण पावसाळ्यात ती तिच्या मनात येईल तेव्हा यायची.

म्हणजे सगळा भार त्या जीपवर. आणि ती जीप पावसात बंद पडायची. उन्हात नाही, थंडीत नाही, फक्त पावसात. कोरड्या दिवशी घाट अशी चढायची की बघत राहावं. हवा ओली झाली, भुरभुर सुरू झाली, की आधी खोकायची, मग धक्के खायची, आणि रस्त्याच्या मधोमध गप्प.

मामा पन्नाशीचे असतील. काटकुळे, खाकी कपडे, बोलणं मोजकं. माझ्या दहा वाक्यांना त्यांचं एक 'हूं'. मी तोंडाळ, अजूनही आहे, पण त्यांच्यापुढे माझंही तोंड दमायचं. सदऱ्याच्या आत छातीशी ते एक धडुतं ठेवत. मी एकदा विचारलं, हे काय लहान मुलासारखं उराशी धरून फिरता? म्हणाले, माणसाच्या उबेनं कोरडं राहतं. गाडी बंद पडली की ते धडुतं काढायचे, बॉनेट उघडून वायरी नि प्लग पुसायचे. अंगावर घ्यायचं इरलं ते इंजिनवर धरायला मला लावायचे आणि स्वतः चिंब भिजायचे. पुसलं की गाडी चालू व्हायची, फर्लांगभर जायची, पुन्हा बंद. मी वैतागून तिला डबडं म्हटलं की त्यांना राग यायचा. मग दिवसभर 'हूं'सुद्धा नाही.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "कारन असतंय, बाई. बिनकारनाचं काय बी होत न्हाई. ते आपल्याला दिसंना, एवढंच."

ते कारण शोधण्यात त्यांचं अर्धं आयुष्य जात होतं. आधी त्यांना वाटलं पेट्रोलमध्ये पाणी उतरतंय. मग ते पेट्रोल चामड्याच्या तुकड्यातून गाळून भरू लागले. तासन्‌तास बसायचे गाळत. फरक शून्य. मग प्लग बदलले, पॉइंट घासले. बॅटरीच्या तारा उलगडून पुन्हा बांधल्या. संगमनेरच्या मिस्त्रीकडे गाडी नेली, तर तिथं कोरड्या शेडमध्ये ती शहाण्या पोरीसारखी चालली. मिस्त्रीनं सगळं इंजिन पुसून, तेलपाणी बघून परत दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, गाडी ठणठणीत आहे, ड्रायव्हर पावसाला भितो काय बघा. मामांनी ते ऐकलं होतं.

मिस्त्रीनं सगळं पुसलं म्हटलं, पण एक जागा सोडून. ती सगळेच सोडायचे. मामांची गाडीची पूजा असायची दर अमावास्येला. तशी सगळेच ड्रायव्हर करतात. पुढे नारळ फोडायचा, पाणी चाकावर नि रस्त्यावर सांडायचं. मामांचं तसं नव्हतं. ते बॉनेट उघडायचे. प्लगच्या सगळ्या वायरी ज्यातून निघतात ते काळं टोपण असतं ना, डिस्ट्रिब्युटरचं, त्याच्यावर हळदकुंकू वाहायचे आणि करवंटीतलं पाणी धार धरून त्याच्यावरच ओतायचे. हितनं करंट वाटला जातो, म्हणायचे, हे हिचं काळीज हाय. निवद देवाच्या तोंडाला लावत्यात का पायावर वतत्यात? मी म्हणायचे, मामा, तेवढं पाणी मला प्यायला द्या, पुण्य लागेल. ते हसायचे नाहीत. त्या टोपणावर कुंकवाचा थर बसला होता, आणि पूजेचं आहे म्हणून त्याला मिस्त्री हात लावायचा नाही, मामा पुसताना कडेकडेनं पुसायचे.

एकदा नगरहून साहेब तपासणीला आले. मामांनी आदल्या दिवशी गाडी धुतली नाही, ओल राहील म्हणून. पण आभाळानं काम केलंच. साहेबांना वाडीवर न्यायला निघालो आणि ओढ्याच्या अलीकडे गाडी थांबली. मामा धडुतं घेऊन उतरले. साहेब बराच वेळ बसून राहिले, मग बूट काढून हातात घेऊन चिखलातून चालत परतले. जाताना बजावून गेले की पुन्हा असं झालं तर गाडी नगरला जमा होईल आणि ड्रायव्हरही. मला नोकरीपेक्षा गाडीची धास्ती वाटली. गेली तर या बायकांचं काय? मामांनाही तेच वाटत असणार. त्या दिवशी अमावास्या नव्हती, तरी त्यांनी नारळ आणला. तेव्हापासून गाडी बंद पडली की नारळ, हे ठरूनच गेलं.

मग ठकूबाई आली.

सांगायला नको वाटतं, पण तिला सोडून मामांचं काही सांगता येणार नाही. ठकूबाई वरच्या ठाकरवाडीतली, चिमाची बायको. मूल आडवं होतं. वाडीतल्या सुईणीनं दोन दिवस हातचे सगळे उपाय केले आणि मग झोळी निघाली. चिमा आणि त्याचा भाऊ, दोघांनी खांद्यावर बांबू घेऊन पावसातून तिला सडकेवर आणली. मी तपासलं. माझ्या हातात काही नव्हतं, संगमनेर गाठायला हवं होतं. दुपार होती, पण ढगांनी अंधारून आलेलं. मामांनी गाडी चालू केली. ती चालली. मी मनात म्हटलं, आजचा दिवस चाल गं बाई, मग हवी तेवढी पड बंद.

घाटात ती खोकायला लागली. एका वळणावर बंद पडली. मामांनी पुसली, थोडी गेली, बंद पडली. पुसली, बंद पडली. धडुतं भिजलं, मग त्यांनी सदरा काढून आतली बाजू वापरली. तोही भिजला. मी माझ्या लुगड्याचा कोरडा राहिलेला काठ फाडून दिला. चिमा आणि त्याचा भाऊ गाडी ढकलत होते, चढावर, चिखलात. मामा हँडल मारत होते, हाताची सालटी निघाली होती. ते गाडीला काही बोलत नव्हते, देवाला काही बोलत नव्हते. पुसत होते आणि हँडल मारत होते. मागून येणारं एखादं वाहन मिळेल म्हणून मी सडकेवर उभी राहिले. कुणी आलं नाही. ठकूबाई आधी ओरडत होती, मग कण्हत होती, मग माझा हात धरून पडून राहिली. तिचा हात माझ्या हातात असतानाच ती गेली. पोटातलं मूलही गेलं.

मी रडले. सगळ्यांदेखत, तोंड उघडून रडले. मला त्या गाडीचा, पावसाचा, सरकारचा, सगळ्यांचा संताप आला होता. चिमा मात्र शांत होता. त्यानं बायकोचं तोंड झाकलं आणि मामांजवळ जाऊन म्हणाला, "तुमी तरी काय करनार, मामा. तुमी लई केलं."

त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामा पुढे कितीदा तरी म्हणाले. त्यांना खाणं जाईना. त्यांची बायको सांगत आली की घरात ते झोपत नाहीत, शेडमध्ये गाडीच्या सीटवर जाऊन बसतात. नारळ वाढले. त्या पावसाळ्यात मामा आठवड्याला नारळ फोडत होते आणि गाडी पूर्वी पावसात बंद पडायची, ती आता नुसत्या धुक्यातही बंद पडू लागली. आणखी दोन बायकांना आम्ही बैलगाडीनं नेलं. त्या वाचल्या, ते त्यांच्या नशिबानं.

पुढच्या वर्षी बाहत्तरचा दुष्काळ. पूर्वेकडे, नगर-पाथर्डीकडे तर हाहाकार होताच, पण आमच्या डोंगरातही पाऊस रात्रीबेरात्री चार थेंब टाकून गेला. भातं वाळली. सगळा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसला होता. आणि आमची जीप? आमची जीप एकदाही बंद पडली नाही. रोज घाट, रोज संगमनेर, बायका सुखरूप बाळंत होऊन परत. लोक मामांना म्हणायचे, देव पावला. मामा मान खाली घालायचे. एकदा मला म्हणाले, बाई, मला पाप लागंल. सगळी पाऊस पडू दे म्हनत्यात, आन माझ्या मनात येतंय, नगं पडू. यंदा बी नगं. आन पुढं बी नगं. असं बोलून ते स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागले, मी हात धरला.

कारण सापडल्याशिवाय पाऊस आला तर पुन्हा एखादी ठकूबाई होणार, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती. मृग जवळ यायला लागला तसा त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना. अशात कुणा ट्रकवाल्यानं त्यांना सांगितलं की ओल्या हवेत करंट चुकीच्या वाटेनं पळतो, आणि काळोखात बघितलं तर पळताना डोळ्यांना दिसतो. पण ओली हवा आणायची कुठून? पाऊस नाही, प्यायचं पाणी टँकरचं. मग त्यांच्या नजरेला हिवतापाच्या फवारणीचा पंप पडला. दवाखान्यात भिंतींवर औषध मारायला असतो तो. तो त्यांनी धुऊन काढला. पाणी मी दिलं. सुया-पिचकाऱ्या उकळलेलं पाणी मी रोज फेकायचे ते बादलीत ठेवू लागले. गावात बोभाटा झालाच. माणसाला घोटभर मिळंना आणि हा गाडीला अंघोळ घालतोय, डोक्यावर परिणाम झालाय, असं लोक तोंडावर बोलले. मीही त्यांना तोंडावरच उत्तरं दिली.

दुपारची वेळ होती. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. मामांनी शेडच्या दाराला, फटींना गोणपाटं लावून आत काळोख केला. गाडी चालू केली, बॉनेट उघडलं. ते पंप मारू लागले, मी नळी धरली. इंजिनवर बारीक तुषार पडत होते. थोडा वेळ काही नाही. मग ती खोकली. दीड वर्षानं तो आवाज ऐकला आणि मी नळी आणखी जवळ नेली.

"हलू नका, बाई," मामा म्हणाले.

त्या काळ्या टोपणावर निळसर ठिणगी दिसत होती. एका वायरीच्या मुळापासून निघायची, टोपणाच्या माथ्यावरून सरपटत दुसऱ्या वायरीकडे जायची, वळून खालच्या लोखंडात उतरायची. प्लगपर्यंत जायचा तो करंट असा वरच्या वर पळून जात होता. दोन-चार धक्के खाऊन गाडी बंद पडली.

घावली, घावली, म्हणत मामांनी गोणपाटं ओरबाडून काढली. इतक्या वर्षांत त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला तर नाचावंसं वाटत होतं. उजेड आला तसे ते टोपणावर वाकले. ठिणगी जिथून पळत होती तिथं कुंकवाच्या खाली तांबूस, चकचकीत असा थर होता. मामांनी नखानं तो खरवडला. बोटावर घेऊन हुंगला. मग जिभेला लावला. हसू अजून चेहऱ्यावर होतं.

"गोड लागतंय," ते म्हणाले.

मला कळेना. मी म्हटलं, इंजिनात गोड कुठून आलं? त्यांनी पुन्हा खरवडून जिभेला लावलं. मग अगदी हळू म्हणाले, "नारळाचं पानी हाय, बाई. मीच वतलेलं."

एवढं साधं होतं ते. पाणी वाळून थरावर थर बसला होता. कोरडा असला की त्याचा काही त्रास नाही. हवेत ओल आली की तो ओला व्हायचा आणि करंटला वाट मिळायची. गाडी बंद पडली की मामा नारळ फोडायचे, आणि थर वाढायचा. गाडी बरी व्हावी म्हणून ते जे जे करत होते, त्यानंच ती मरत होती.

माझ्या टेबलावरच्या स्पिरिटनं त्यांनी सगळं धुतलं. संगमनेरहून नवं टोपण नि वायरी आणून घातल्या. पंपानं पाणी मारून पाहिलं, गाडी खोकलीसुद्धा नाही. काम झालं होतं. मामा मात्र शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिले. ठकूबाई म्या मारली, म्हणाले. मी खूप समजावलं. म्हटलं, मामा, मूल आडवं होतं, दोन दिवस वाडीत गेले होते, संगमनेरला पोचूनही ती वाचली असती असं कुणी सांगावं?

"पोचली असती तर कळलं असतं की," ते म्हणाले.

चिमाला सांगायचं त्यांनी मनाशी ठरवलं. मी नको म्हणत होते. त्याच्या जखमेवरची खपली कशाला काढता, असं मी म्हणाले, रागावलेही. पण ते ऐकेनात, मग त्यांना एकटं सोडवेना म्हणून मीही गेले. चिमा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सगळं सांगितलं. पूजा, नारळ, थर, ठिणगी, काही ठेवलं नाही. चिमा हातातला हातोडा तसाच धरून ऐकत होता. त्याला करंटचं काही कळलं असेल असं वाटत नाही, पण बाकीचं कळलं.

मग म्हणाला, "आता पावसात चालंल का?"

"चालंल," मामा म्हणाले.

"मंग बास." आणि तो पुन्हा खडी फोडायला बसला.

मामा तिथंच उभे राहिले. मी दंडाला धरून त्यांना गाडीपाशी आणलं. त्यांना मार हवा होता, शिवी हवी होती, आणि चिमाकडे त्यांना द्यायला यातलं काहीच नव्हतं.

त्या साली पाऊस चांगला झाला. लोक ओल्या अंगानं शेतात नाचत होते. मामांची अमावास्येची पूजा बंद झाली होती. बोलणं तर जवळजवळ संपलंच. माझी बदली घोडेगावला झाली. सामान बांधून ठेवलं होतं, आणि निघायच्या आदल्या सकाळी वर्दी आली. पहिलटकरीण होती, कोवळी पोर, सोबत आई. पाऊस असा की समोरचं झाड दिसत नव्हतं.

आम्ही निघालो. मी पोरीची नाडी धरून मागे बसले होते आणि कान सगळे इंजिनाकडे. घाट लागला. ठकूबाईचं वळण आलं. रस्त्यावरून लाल पाण्याचा लोट वाहत होता, गाडी त्यात शिरली, बॉनेटवर पाणी उडालं. गाडी एकसुरात चालत राहिली. वळण मागे पडलं. मामांनी मान वळवली नाही. मी मात्र आनंदानं रडत होते. संगमनेर आलं. डॉक्टरांनी पोरीला लगेच आत घेतलं, पोट उघडून मूल काढलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मी धावतच बाहेर आले, मामांना सांगायला. दवाखान्याच्या आवारात भर पावसात जीप उभी होती, चालू. बॉनेट उघडं. इरलं चिखलात पडलेलं. मामा पन्हाळीखाली पत्र्याचा डबा धरत होते, भरला की इंजिनवर ओतत होते, नेमका त्या टोपणावर, आणि पुन्हा भरायला जात होते.

मी हाका मारल्या. मामा, दोघी वाचल्या, मुलगी झाली!

ते वळले नाहीत. "बंद पडंना, बाई," म्हणाले.

मी म्हटलं, मग चांगलंच आहे की, यासाठीच तर केलं सगळं. आणि जवळ जाऊन त्यांचं तोंड पाहिलं. आनंदाचं तोंड नव्हतं ते. गाडी आता बंद पडली असती तर कारण दुसरंच काही तरी ठरलं असतं, आणि ठकूबाईचा दोष त्यांच्या नारळावरून उतरला असता. एवढ्यासाठी ते पाणी ओतत होते. मी हातातला डबा काढून घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही.

"पड की," ते गाडीला म्हणत होते. "एकदा पड बंद. माझ्यासाठी पड."

त्यांनी डबा पुन्हा भरून ओतला. इंजिनावरून वाफ निघाली, आणि गाडी चालूच राहिली.